बिल आणलंत का?

विमानातून उतरून घरी आलेल्या माणसाला आपण विचारतो, प्रवास कसा झाला. आमच्या सोसायटीतले परबकाका विचारतात, "बिल आणलंत का?"

त्यांना विमानाच्या तिकिटाचं बिल नको असतं. विमानतळावर तुम्ही चहा घेतला असेल, वडा खाल्ला असेल, मानेखाली घ्यायची उशी घेतली असेल, त्याचं बिल हवं असतं. जिन्यात, लिफ्टमध्ये, भाजीवाल्याच्या गाडीपाशी, कुठेही विचारतात. आमच्याकडे लोक काशीहून गंगा आणतात, गोव्याहून काजू आणतात आणि परबकाकांसाठी विमानतळावरचं बिल आणतात. स्वतः परबकाका आजवर एकदाही विमानात बसलेले नाहीत.

काका महापालिकेच्या पाणीखात्यात मीटर वाचायचे. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली. बेलापूरच्या आमच्या इमारतीत ते तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. काकू जाऊन बरीच वर्षं झाली. घरात जेवणाचं टेबल आणि दोन खुर्च्या आहेत. एका खुर्चीवर काका बसतात, दुसरीवर बुटांचे पाच खोके एकावर एक रचलेले असतात. मुंबई, दिल्ली, बंगलोर, हैदराबाद आणि 'इतर'. आलेल्या माणसाने दिवाणावर बसायचं.

खोक्यांत बिलं. त्यातही मूळ बिल आणि त्याची झेरॉक्स टाचणीने एकत्र. कारण त्या गुळगुळीत कागदावरची शाई सहा महिन्यांत उडते. मी सोसायटीचा खजिनदार आहे, कागद जपायची सवय मलाही आहे. पण दुसऱ्याने प्यायलेल्या कॉफीच्या बिलाची झेरॉक्स काढणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

या उद्योगाचा उपयोग मात्र आहे. विमानतळावर दुकानाच्या पाटीवर एक नाव असतं आणि कार्डाच्या स्टेटमेंटवर वेगळंच छापून येतं. आपण 'अमुक चहा'वाल्याकडे चहा पितो आणि महिनाअखेर दिसतं की तीन इंग्रजी आद्याक्षरं आणि पुढे 'रिटेल सर्व्हिसेस' अशा कोणाला तरी आपण पैसे दिलेत. माणूस घाबरतो. बँकेला फोन लावण्याआधी आमच्याकडचे लोक तिसऱ्या मजल्यावर जातात.

"वरचं नाव हौसेचं, खालचं नाव हिशेबाचं," काका सांगतात. "बिलावर दोन्ही असतात. पण बिल तुम्ही कचऱ्याच्या डब्यात टाकून येता."

त्यांचे नियम ठरलेले आहेत. पहिला नियम, "कार्ड दाखवू नका, आकडा दाखवा." कार्डाचा नंबर त्यांनी कधी कोणाचा पाहिला नाही. दुसरा, "आधी पोटाला विचारा, मग बँकेला." म्हणजे विमानाआधी काय काय खाल्लंत ते आठवा. तारीख जुळत नसेल तर म्हणतात, "रविवारचा चहा कधी कधी मंगळवारी पोचतो. घाबरू नका." आणि शेवटी चष्मा कपाळावर ढकलून पाणीखात्याचा प्रश्न, "चोरी, गळती की वापर?"

बहुतेक वेळा वापरच निघतो.

आमचे देशमुख एकदा चौदाशे नव्व्याण्णव रुपयांची तक्रार घेऊन आले. बरोबर सौ. देशमुख होत्या. देशमुख शपथेवर सांगत होते की विमान चार तास लेट होतं, त्यांनी पाण्याची बाटलीसुद्धा घेतली नाही, उपाशी बसून होते. काकांनी 'हैदराबाद' खोका उघडला, एक बिल काढलं, वाचलं, देशमुखांच्या पायांकडे पाहिलं.

"देशमुख, बूट काढले होते का विमानतळावर?"

"तपासणीला काढले ना."

"त्याच्यानंतर."

देशमुखांनी पाय दिवाणाखाली ओढून घेतले. काकांनी बिल परत खोक्यात ठेवलं.

"वापर आहे," ते म्हणाले. "पुढचं घरी बोला."

जिना उतरताना सौ. देशमुखांचा आवाज आम्हाला स्पष्ट ऐकू आला. "मी इथे तुमच्यासाठी उपवास धरल्यासारखी बसले होते आणि तुम्ही तिकडे पाय दाबून घेत होतात."

एकदा खरोखर चोरी निघाली. कोकणे वहिनींच्या कार्डावर दिल्ली विमानतळावरच्या दुकानाचे पैसे पडले होते आणि त्या दिवशी वहिनी वाशीच्या मार्केटात आंब्याची पेटी घेत होत्या. काकांनी त्यांच्याकडूनच बँकेला फोन लावून घेतला, तोही स्पीकरवर. काकांच्या घरात कुठलाही फोन स्पीकरवरच होतो. "साक्षीदार पाहिजे," ते म्हणतात. कार्ड बंद झालं, पैसे परत आले. पण कार्ड बंद करण्याआधी काकांनी वहिनींना चार वेळा विचारलं, "घरच्या सगळ्यांना फोन केलात? मुलाला? नवऱ्याला? नक्की त्यांच्यापैकी कोणी नाही?" चौथ्या वेळेला वहिनी वैतागल्या. मलाही ती दिरंगाई विचित्र वाटली.

तिचं कारण मला जुलैमध्ये कळलं. दर जुलैत मी काकांचं इन्कम टॅक्सचं रिटर्न भरून देतो. कागदांत त्यांच्या क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट चुकून आलं होतं. आकडे समोर आले की मी वाचतो, त्याला माझा इलाज नाही. बंगलोर विमानतळ, दोनशे दहा. दिल्ली, दोनशे चाळीस. परत बंगलोर, दोनशे दहा.

"काका, हे काय? तुम्ही तर विमानात बसत नाही. कळवलंत का बँकेला?"

"वापर आहे," काका म्हणाले आणि कागद ओढून घेतला.

मग ते चहा करायला आत गेले. कप हातात आल्यावर त्यांनी सांगितलं.

आठ वर्षांपूर्वी त्यांची मुलगी केतकी दिल्लीला मुलाखतीला निघाली. घरातलं पहिलंच विमान. काकांनी तिला आपल्या कार्डाचं ॲड-ऑन कार्ड करून दिलं होतं. म्हणजे ती वापरणार आणि मेसेज यांना येणार. पहाटे ती गेली आणि सातच्या सुमाराला यांच्या फोनवर मेसेज आला, चारशे दहा रुपये, कधी न ऐकलेल्या कंपनीला. दोन मिनिटांनी आणखी पंच्याण्णव.

"पोरगी विमानतळावर आहे आणि पैसे भलतीच कंपनी खातेय. मला वाटलं, चोरी. पाइप फुटला की आधी कॉक बंद करायचा, ही आयुष्यभराची सवय. बँकेला फोन केला, कार्ड बंद."

केतकीने सँडविच घेतलं होतं, नंतर चहा. दिल्लीत उतरल्यावर टॅक्सीच्या काउंटरवर कार्ड चालेना. फोनची बॅटरी उतरलेली, पर्समध्ये तीनशे रुपये. ती मुलाखतीला पोचली तेव्हा खोली रिकामी होती.

"आणि घरी आली तेव्हा," काका म्हणाले, "मी दारातच विचारलं, बिल आणलंस का?"

"काय म्हणाली?"

"म्हणाली, बाबा, एक फोन करायचा होता. बस. भांडण नाही, काही नाही."

पुढे तिला बंगलोरला नोकरी लागली. दिवाळीला फोन, वाढदिवसाला फोन. इकडे आठ वर्षांत दोनदा आली, दोन्ही वेळा कोणाच्या तरी लग्नाला, आणि मुक्काम मावशीकडे. काकांनी नवं कार्ड कुरिअरने पाठवलं होतं. सोबत चिठ्ठी लिहायला बसले, जमली नाही. कार्ड नुसतंच गेलं.

"पगार माझ्या पेन्शनच्या पाचपट आहे तिचा. पण विमानात बसायच्या आधी त्या कार्डावर एक चहा घेते. फक्त चहा. मला मेसेज येतो. मला कळतं, निघाली." त्यांनी माझा कप उचलला. "कुठल्या दुकानाचं नाव काय, हे आता मला पाठ आहे. परत चूक नको."

मी रिटर्न भरलं. त्या खोक्यांना मी मनातल्या मनात हसत होतो, ते तेव्हापासून बंद केलं.

यंदा आमच्याकडचं नवं विमानतळ सुरू झालं. काकांनी सहावा खोका आणला आणि त्यावर गावाचं नाव न घालता लिहिलं, 'आपलं'. मागच्या महिन्यात मी मेहुण्याला आणायला तिथे गेलो. विमान उशिरा होतं म्हणून बाहेर, उतरून येणारे लोक जिथून निघतात तिथे, दोन चहा घेतले. एकशे ऐंशी रुपये. चहा वाईट होता, पण बिल घडी न घालता आणलं. काका खूश झाले. त्या कंपनीचं नाव त्यांच्याकडे नव्हतं. झेरॉक्सवर त्यांनी लाल पेनाने लिहिलं, 'उतरल्यावर. बाहेर.'

परवाच्या रविवारी अकराच्या सुमाराला मी पाणीपट्टीचा हिशेब दाखवायला वर गेलो होतो. काकांचा फोन वाजला. मेसेज होता. त्यांनी वाचला, चष्मा पुसला, परत वाचला आणि फोन माझ्यापुढे धरला.

नव्वद रुपये. कंपनीचं नाव मी आणलेल्या बिलावरचं.

दोन चहा एकशे ऐंशी, म्हणजे एक नव्वद. मी म्हटलं, "काका, ही निघालेली नाही. ही आलीय."

"घाई नको," काका म्हणाले. "सकाळी बंगलोरचा चहा झालाय, म्हणजे निघालीय खरी. पण ऑफिसचं काम असेल. हॉटेलात उतरेल. तिथून परस्पर पुण्यालाही गाड्या जातात. कोणाला तरी आणायला आली असेल."

"बंगलोरहून?"

काका उठले, 'आपलं'मधून झेरॉक्स काढली, मेसेजशेजारी ठेवली आणि अक्षर अक्षर ताडून पाहिलं. दोनदा पाहिलं.

"मग काय, चोरी, गळती की वापर?" मी विचारलं.

ते हसले नाहीत. "फोन करायला हवा," म्हणाले. "मागच्या वेळी तेवढाच राहिला होता."

नंबर लावला. सवयीने स्पीकर चालू झाला. मी उठायला लागलो तर त्यांनी हातानेच बसवलं. साक्षीदार.

"केतकी, नव्वद रुपये. तूच ना?"

पलीकडे सामानाच्या ट्रॉल्यांचा खडखडाट होता. "मीच, बाबा."

"बरं."

एवढंच बोलून ते माझ्याकडे बघायला लागले. मी कप तोंडाला लावल्याची खूण केली.

"चहा कसा होता?"

"नुसतं पाणी." मग म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही आज तरी फोन कराल."

"केला की."

"हो. केलात." ती हसल्यासारखं वाटलं. "बाबा, बिल घेतलंय. घडी नाही घातली. अर्ध्या तासात पोचते."

फोन बंद झाला. मग उठून त्यांनी दुसऱ्या खुर्चीवरचे खोके एकेक करून उचलले. मुंबई, दिल्ली, बंगलोर, हैदराबाद, इतर. ठेवायला घरात दुसरी जागा नव्हती, म्हणून पाचही माझ्या हातांत रचले.

"खजिनदार, आजच्या दिवस तुमच्याकडे ठेवा."

हनुवटीने खोके दाबून धरत मी दारापर्यंत गेलो आणि वळून पाहिलं. काका ओल्या फडक्याने ती खुर्ची पुसत होते. टेबलावर 'आपलं' होतं, झाकण उघडं.