डोहांतील वादसभेची हकीकत

श्रीवाग्देवी प्रसन्न. जिच्या कृपेनें मुका बोलूं लागतो आणि बोलका वेळीं गप्प बसतो, तीस नमन करून लिहिलें ऐसें जे, शके सोळाशें त्रेपन्न, विरोधकृत् नाम संवत्सरीं एका राज्यांत थोर पाठशाळा नांदत होती आणि तेथें गुंडोशास्त्री म्हणून तर्काचे अध्यापक होते. देह किरकोळ, आवाज मात्र नगाऱ्याचा. त्यांच्या वर्गाचा दंडक ऐसा कीं, ज्यास गुरूचें म्हणणें पटलें नाहीं त्यानें मांडीवर थाप मारून "खोटें!" म्हणावें, आणि मग घसा बसेतों भांडावें, आणि हरेल त्यानें जिंकणाऱ्यास मिठी मारावी. शिष्य "खोटें" म्हणाला कीं शास्त्रीबोवांस पोटचें पोर चालूं लागल्याचा आनंद होई.

तों पाठशाळेच्या वाटेवर दरोडेखोर उठले आणि विद्यार्थ्यांचीं धोतरें व तांबे लुटून नेते जाहले. महाराज कनवाळू, त्यांचें काळीज गलबललें. मग सनद दिधली कीं, परवाना असेल त्यानें पाठशाळेंत पिस्तूल बाळगावें, परंतु तें वस्त्राखालीं झांकलेलें असावें. कोणाच्या दृष्टीस पडल्यास परवाना रद्द. सनदेची दवंडी पिटली, आणि शिंप्यांनीं अंगरख्यांस आंतून खिसे शिवून दिले, आणि पाठशाळा सुरक्षित जाहली. इतकी सुरक्षित जाहली कीं कोणी तोंड उघडीना. कोणाच्या कमरेस काय आहे हें दिसत नव्हतें, म्हणून ज्याला त्याला ज्याचें त्याचें भय. हैबतराव म्हणून एक सरदारपुत्र होता, तो पूर्वीं चिमणभटाची शेंडी धरून वाद घाली. तोच आतां हात जोडून म्हणे, "चिमणभटजी, आपलें रास्त." आणि चिमणभट म्हणे, "छे छे, आपलेंच अधिक रास्त." एके दिवशीं शास्त्रीबोवांनीं मुद्दाम सिद्धांत मांडला कीं बैल अंडीं घालतो, तरी अवघा वर्ग माना डोलावता जाहला. मग शास्त्रीबोवा घरीं आले आणि पानावर बसून रडूं लागले.

भार्या अंबिकाबाई यांनीं विचारिलें, "अहो, झालें तरी काय?"

"आजही कोणी भांडलें नाहीं गं!"

"मग माझ्याशीं भांडा, पण दोन घास खा," ऐसें बोलून बाईंनीं वरण वाढलें.

इतक्यांत दिवाण अंताजीपंत यांचा निरोप आला कीं, वैशाखांत महाराज जातीनें वादसभेस येणार, आणि वाद न रंगल्यास पाठशाळा मोडून घोड्यांची पागा करावी ऐसा विचार आहे; घोडे निदान खिंकाळतात तरी. शास्त्रीबोवांच्या तोंडचें पाणी पळालें. उन्हाचा कहर, डोकें भणभणलेलें, म्हणून ते डोहावर स्नानास गेले, तों पाण्यांत काय नवल देखिलें! हैबतराव आणि चिमणभट लंगोटी लावून एकमेकांवर पाणी उडवीत कडाकडा भांडत होते.

"कावळा बसला म्हणूनच फांदी मोडली!" हैबतराव गरजला.

"खोटें!" चिमणभटानें पाण्यांतच मांडीवर थाप मारिली. "फांदी आधींच कुजकी होती, गाढवा!"

'गाढवा' हा शब्द कानीं पडतांच शास्त्रीबोवांस गहिंवर दाटला. मग ध्यानीं आलें कीं लंगोटींत हे लपवणार काय? आणि लपवलें तरी दारू भिजली म्हणजे पिस्तूल आणि वरवंटा सारखेच. "अरे, सभा इथेंच भरवूं रे!" ऐसें ओरडून ते पागोट्यासकट डोहांत उडी घेते जाहले.

सभेचा दिवस उजाडला. महाराज लवाजम्यासह घाटावर आले, आणि पाहतात तों पाठशाळा छातीइतक्या पाण्यांत उभी. शास्त्रीबोवांनीं ओला मुजरा करून अर्ज केला, "महाराज, आज सभा येथें. यावयाचें तर उघड्या अंगानें यावें." दिवाण लालबुंद जाहले. परंतु महाराज खदखदां हंसले, आणि अंगरखा उतरविला, आणि कमरेचें रत्नजडित पिस्तूल काढून दिवाणांच्या हातीं दिलें, आणि पाण्यांत उतरले. गार पाण्यानें चित्त प्रसन्न होऊन वदते जाहले, "आम्हीं सनद दिली तेव्हांपासून वाटेवर एकही दरोडा पडला नाहीं. हा सनदेचाच प्रताप."

अवघी सभा सवयीनें माना डोलावूं लागली. पाठशाळा कीं पागा, याच घटकेचा खेळ. तोंच चिमणभटाच्या मांडीवर थाप पडली.

"खोटें, महाराज! कावळा बसला न् फांदी मोडली! ते दरोडेखोर सनदेच्या आधींच शेजारच्या राज्यांत धरले गेले होते!"

महाराज थक्क जाहले. घाटाकडे वळून पुसिलें, "दिवाणजी, हें तुम्हांस ठाऊक होतें?"

"होतें, महाराज."

"मग बोललां कां नाहीं?"

दिवाणांनीं हातांतल्या रत्नजडित मुठीकडे पाहिलें आणि हळूच म्हणाले, "तेव्हां हें महाराजांच्या कमरेस होतें."

महाराज पाणी तुडवीत गेले आणि हरल्याची रीत म्हणून चिमणभटास कडकडून मिठी मारिली, आणि अवघा डोह हर्षानें उसळला, आणि हैबतरावानें दिवाणांस पागोट्यासकट आंत ओढिलें. पिस्तूलही त्यांजबरोबर बुडालें, आणि तें काढावयास कोणी बुडी मारिली नाहीं.

सारांश, सनद फिरली: वाटेवर बाळगणें तर बाळगावें, पाठशाळेच्या दारीं चौकींत ठेवूनच आंत यावें. गुंडोशास्त्री त्या दिवशीं दुप्पट जेवले आणि वरण अळणी म्हणून अंबिकाबाईंशीं भांडलेही. ऐकिलें तैसें लिहिलें. ज्यास खोटें वाटेल त्यानें मांडीवर थाप मारून खुशाल सांगावें. आम्ही मिठी मारावयास तयार असों.