लाटणं हत्यार केव्हा होते?

वच्छलाबाईंनी कणीक मळली, तवा तापत ठेवला, हात सवयीनं फळीवर गेला आणि रिकामाच परत आला. लाटणं नव्हतं. भांड्यांच्या टोपलीत नाही, मोरीत नाही, फ्रीजवर नाही. तवा धुरावला तसा त्यांनी गॅस बंद केला आणि पदर खोचून बैठकीत आल्या. तिथं दिवाणावर नवी चादर अंथरून यशवंतरावांनी लाटणं मांडलं होतं. शेजारी छत्री, हातोडी, संत्री तोडायची कात्री आणि एका जुन्या मोज्यात घातलेलं गोदामाचं कुलूप.

"हे काय रुखवत मांडलं तुमी?"

"तृप्तीसाठी पाहून राहिलो."

"लग्न ठरलं तिचं? अन् मलेच ठाऊक नाही?"

लग्न नव्हे, नोकरी ठरली होती. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून तिथं नवी नवी ऑफिसं निघत होती आणि त्यातल्या एकात तृप्ती कॉम्प्युटरवर लागली होती. सोमवारी रुजू व्हायचं होतं. सौसरहून सकाळच्या बसनं जायचं, संध्याकाळच्या बसनं यायचं. परतीची बस सौसरला येईपर्यंत अंधार पडायचा. यशवंतरावांनी परवानगी दिली होती, पण दोन अटींवर. एक, पोरीच्या हाती स्वतःच्या रक्षणासाठी काहीतरी पाहिजे. आणि दोन, ते कायद्यात बसलं पाहिजे. दोन्ही जुळलं नाही तर नोकरीचं नाव काढायचं नाही. परीक्षा देऊन देऊन थकलेली तृप्ती हे ऐकून दातओठ खात आत निघून गेली होती.

आता यशवंतराव माणूस वाईट नव्हते हो. संत्र्याचा बगीचा बरा चालत होता, कोणाच्या अध्यातमध्यात नव्हते. पण त्यांना प्रश्न पडत. रेशनच्या दुकानात रांगेत उभे राहिले तरी रॉकेल निळंच कायले, हे विचारून दुकानदाराला घाम फोडत. एकदा प्रश्न पडला की तो सुटेपर्यंत ते जेवणात मीठ आहे की नाही हेही सांगू शकत नसत.

पहिला प्रश्न होता वस्तू कामाची आहे का. त्यासाठी अंगणात परीक्षा झाली. थोरल्या मुलाला, कुलदीपला, हेल्मेट घालून चोर केलं. यशवंतरावांनी मोज्यातलं कुलूप गरगर फिरवलं, ते चोराला न लागता एक फेरी मारून त्यांच्याच गुडघ्यावर बसलं. "आई गं!" म्हणून ते खाली बसले. चोरानंच त्यांना हात देऊन उठवलं. मग छत्री. छत्री भोसकायला पुढं केली तर ती फटकन उघडली, आणि तिच्याआड काय चाललंय ते यशवंतरावांना दिसेना. तेवढ्यात चोर मागून आला. "बाबा, पर्स गेली तुमची," तो म्हणाला. हातोडी हलवायची यशवंतरावांची हिंमत झाली नाही आणि कुलदीपची तर त्याहून नाही. शेवटी लाटणं पहिलं आलं. हलकं, हातात बसणारं, आणि वच्छलाबाईंनी उगाच एकदा हातात धरून दाखवलं तेव्हा चोर आपणहून दोन पावलं मागं सरकला.

दुसरा प्रश्न कायद्याचा. त्यासाठी यशवंतरावांनी भाच्याला फोन लावला. भूपेंद्र वकील होता.

"भूपेंद्र, लाटणं हत्यार हाये का?"

"मामाजी, मामीशी काही झालं का?"

"काही नाही झालं. तू सांग."

"पाहा, घरात लाटणं म्हणजे लाटणं. रस्त्यावर कोणाले माराच्या इराद्यानं घेतलं का ते हत्यार. वस्तूत काही नसते मामाजी, सारं इराद्यात असते. सोबत ठेवाचं कारण सांगता आलं पाह्यजे."

भूपेंद्रनं फोन ठेवला आणि यशवंतरावांच्या डोक्यात भुंगा शिरला. घरात लाटणं, रस्त्यावर हत्यार. मग ते बदलते कुठं? ते लाटणं घेऊन फाटकापर्यंत गेले. एक पाय आत ठेवला, एक बाहेर. लाटण्याकडे निरखून पाहिलं. आत घेतलं, बाहेर काढलं, पुन्हा आत घेतलं. समोरून निवृत्त मास्तर नत्थूजी भाजीची पिशवी घेऊन चालले होते, ते थबकले.

"यशवंतराव, वहिनींनी काढून देल्लं का घराबाहेर?"

"मास्तर, आता या क्षणाले हे लाटणं हाये का हत्यार?"

"ते तुमच्या मागं कोण उभं हाये त्यावर हाये," मास्तर म्हणाले आणि भराभर पुढं गेले.

पण यशवंतरावांना वाट सापडली होती. कारण लागते ना? मग कारणच सोबत द्यायचं! लाटण्यासोबत पोळपाट ठेवला आणि डब्यात कणीक भरली, की कोण म्हणेल हत्यार? चालली मुलगी पोळ्या लाटायला. कात्रीसोबत थोडी संत्री ठेवली, की ती बगीच्यातली कात्री. हातोडीसोबत खिळे. खिळ्यांसोबत, ठोकायला काहीतरी पाहिजे म्हणून, देवाची एक तसबीर. मोज्यातल्या कुलपाला कारण सापडेना, तेव्हा त्यांनी जोडीचा दुसरा मोजा शोधून काढला आणि त्यात किल्ली टाकली. रात्रीपर्यंत बाजारची मोठी पिशवी गळ्यापर्यंत भरली.

तृप्तीनं ती उचलून पाहिली आणि खाली ठेवली.

"बाबा, हे घेऊन मी पळू कशी?"

"पळायचं कायले? यातलं काही काढाचं अन् लढाचं."

"काढता काढता तो चोर म्हातारा होईन."

"बाबा, उद्या रविवार हाये," कुलदीप मध्ये पडला. "तिले सोमवारी जाऊ द्या ना गुपचूप."

"जाऊ देतो. पण उद्या मी सोता ही पिशवी घेऊन पांढुर्ण्याले जातो. पोलिसालेच विचारतो. तो हो म्हणला का तृप्तीची नोकरी पक्की."

पोळा आठवड्यावर आला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार, नदीच्या दोन काठांवरून गोटे चालतात, त्यामुळे पोलिसांनी आतापासूनच बसस्टँडवर पिशव्या तपासणं सुरू केलं होतं. यशवंतराव बसमधून उतरले ते आपणहून रांगेत उभे राहिले. लोक तपासणी चुकवायला कडेकडेनं सटकत होते आणि हे गृहस्थ पिशवी छातीशी धरून पुढच्याला "सरका ना" म्हणत होते.

टेबलाशी हवालदार रामाजी बसले होते. उन्हानं वैतागलेले, दुपारचा डबा अजून उघडायचा होता. त्यांनी पिशवीत हात घातला आणि एकेक वस्तू बाहेर काढू लागले.

"लाटणं. पोळपाट. कणीक. पाहुणे आले का कोणाकडे?"

इथं "हो" म्हणायचं होतं. एवढंच. सगळी पिशवी त्या एका "हो"साठी भरलेली होती. पण यशवंतरावांना खोटं बोलता येत नव्हतं आणि त्यांना उत्तर पाहिजे होतं.

"पाहुणे नाही साहेब. मी तुमाले विचाराले आलो. हे लाटणं मी हत्यार म्हणून आणलं, तर चालते का?"

रामाजींचा हात पिशवीतच राहिला.

"काय म्हणून आणलं?"

"हत्यार म्हणून."

"अन् ही कात्री?"

"तेही हत्यारच. संत्री नुसती दाखवाले हायेत."

"हातोडी?"

"हत्यार. तसबीर कारण हाये."

मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "काकाजी, लाटणं कायले आणता, आमच्या नदीत गोटे कमी हायेत का?" रांग हसली. रामाजी हसले नाहीत. नोकरीत त्यांनी चाकू लपवणारे पाहिले होते, दारू लपवणारे पाहिले होते, पण तसबिरीसकट हत्यार कबूल करणारा पहिल्यांदाच पाहत होते.

"चला," ते म्हणाले, "चौकीत बसा."

बाकावर बसल्याबरोबर यशवंतरावांना भूपेंद्रचं बोलणं आठवलं आणि क्षणभर फार बरं वाटलं. सुटला प्रश्न! इराद्यानं हत्यार होते. म्हणजे फाटकात नाही, रस्त्यावरही नाही. त्या टेबलासमोर, त्यांनी तोंड उघडलं त्या घडीला लाटण्याचं हत्यार झालं होतं. लगेच दुसरा विचार आला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तृप्तीच्या नोकरीची पोलीस चौकशी व्हायची होती. कागद इथंच येणार. बाप काय करतो, तर हत्यार घेऊन फिरतो! पोरीच्या वाटेत चोर नाही आला, लफंगा नाही आला, आपणच आडवे आलो, असं वाटून त्यांना रडूच यायला लागलं.

"साहेब, गुन्हा लिहू नका. पोळ्या लाटालेच आणलं समजा."

"आता समजू?" रामाजी म्हणाले. चौकीत चहासाठी गॅस होता, एक जुना तवाही होता, आणि रामाजींच्या डब्यात त्या दिवशी नुसती भाजीच निघाली होती. त्यांनी पोळपाट पुढं सरकवला. "पोळ्यांसाठी आणलं ना? मग लाटून दाखवा."

यशवंतरावांनी उभ्या जन्मात पोळी लाटली नव्हती. कणकेत पाणी जास्त झालं, मग कोरडी कणीक टाकली, मग पुन्हा पाणी. पहिली पोळी पोळपाटाला चिकटली ती चाकूनं खरवडावी लागली. दुसरी लाटण्याला गुंडाळली गेली. तिसरी तव्यावर पोचली, पण एका बाजूनं पापड झाली आणि दुसऱ्या बाजूनं कच्ची राहिली. रामाजींनी ती वास घेऊन पाहिली.

"कोर्टात हे दाखवलं ना, तर तुमी नक्की जाता आत. असा माणूस पोळ्यांसाठी लाटणं घेऊन निघूच शकत नाही."

त्यांनी सौसरला फोन लावला. "तुमचे मिस्टर इथं चौकीत हायेत. हत्यारासकट सापडले."

"लाटणं सापडलं?" वच्छलाबाईंचा आवाज एकदम उजळला. "कालपासून हातानं थापून राहिली मी भाकरी."

मग त्यांना बोलण्याचा पहिला अर्धा भाग समजला आणि घरात धावपळ उडाली. कुलदीप नागपूरला गेलेला, भूपेंद्रचा फोन लागेना. वच्छलाबाई देवापाशी बसल्या. तृप्तीनं पायात चपला सरकवल्या आणि निघाली.

ती चौकीत शिरली तेव्हा बाहेर दिवे लागले होते. हातात फक्त मोबाइल होता. बाप बाकावर, कोपरापर्यंत कणीक. तिला आधी हसू आलं, मग त्यांचा चेहरा पाहून ती झटकन त्यांच्याजवळ गेली.

"एकटी आली?" यशवंतराव उठून उभे राहिले. "अंधाराची? हाती काहीच नाही घेतलं?"

"काय घेऊ बाबा? घरातलं सारं तर तुमी घेऊन आले."

रामाजींनी डोक्यावरची टोपी काढली आणि पाणी प्यायले. हसू दाबायला त्यांना तेवढाच आडोसा होता.

"बसमध्ये त्रास नाही ना झाला बेटा?"

"एक जण लागूनच बसत होता. म्या मोठ्यानं विचारलं, 'काकाजी, तुमाले जागा कमी पडते का? उतरायचं कुठं? तिकीट कुठलं हाये?' सारी बस वळून पाहाले लागली. हनुमानजीच्या दर्शनाले जातो म्हणून जामसांवलीले उतरून गेला तो. कंडक्टर म्हणे, तिकीट त्यानं पांढुर्ण्याचं काढलं होतं."

यशवंतराव तोंड उघडं टाकून ऐकत राहिले. मग त्यांनी आपल्या कणकेच्या हातांकडे पाहिलं.

"साहेब," तृप्ती म्हणाली, "बाबांनी काही केलं नाही. त्यायले फक्त विचाराचं होतं. उद्या माझी जॉइनिंग हाये. काही लिहू नका ना."

रामाजींनी सगळा माल पिशवीत भरला. कात्री, हातोडी, तसबीर, दोन्ही मोजे. लाटणं तृप्तीच्या हातात दिलं.

"लिहाचं काय त्यात? कबुलीशिवाय त्यायचा गुन्हाच कोणता?" ते म्हणाले. "पण बेटा, एक गोष्ट हाये. या माणसाले मी एकटं सोडू शकत नाही. बसस्टँडवर अजून दोन जागी तपासणी हाये, अन् हे प्रत्येकाले विचारतीन. तुझ्या जिम्मेदारीवर देतो. हात धरून घरापर्यंत नेशील ना?"

"नेईन साहेब."

"रस्त्यात कोणाशी बोलू देऊ नको."

परतीच्या बसमध्ये तृप्तीनं बापाला खिडकीशी बसवलं आणि स्वतः कडेला बसली. सौसरजवळच्या बोरगावच्या कंपन्यांतून सुटलेल्या मुली सौसरहून दुसऱ्या बसनं परतत असतील, या वेळेला कितीतरी पोरी रस्त्यावर असतील, असं यशवंतरावांच्या मनात आलं. त्या हाती काय धरत असतील, हे कंडक्टरला विचारावंसं त्यांना वाटलं. तृप्तीनं नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी तोंड मिटलं.

"तृप्ती," सौसरचे दिवे दिसू लागले तेव्हा ते म्हणाले, "जा तू उद्या. मी काही अडवत नाही."

सकाळी ती डबा आणि मोबाइल घेऊन निघाली. ती कोपऱ्यावरून वळली तसा यशवंतरावांना दम धरवेना. त्यांनी टोपी घातली आणि चपला पायात सरकवल्या. वच्छलाबाई पोळ्या सोडून फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या.

"कुठं?"

"तिले बसमध्ये बसवून येतो. चौकात जाऊन येतो एवढंच."

"जाताना ती हाये संग," वच्छलाबाई म्हणाल्या. "पण येताना? येताना तुमच्यासंग कोण हाये?"

यशवंतरावांनी खूप विचार केला. मग चपला काढल्या आणि आत जाऊन बसले.