मारोतरावांनी मोटार तपासली

रविवारी सकाळी मारोतराव झाडे मोटार बघायला निघाले, तेव्हा त्यांच्या पिशवीत हातोडी, लोहचुंबक, कानस, भिंग, चाकू आणि एक कोरी वही होती.

"गाडी पाहाले चालले का घर फोडाले?" प्रेमलाबाईंनी विचारलं.

"घर फोडणारा तो, जो विकून राहिला," मारोतराव म्हणाले. "बेचाळीस वर्षांची मॉरिस, उघड्या टपाची, अन् म्हणते कसा का सगळं ओरिजिनल आहे. या वयात माहे दात तरी ओरिजिनल रायले काय?"

मारोतराव भिलाईच्या पोलाद कारखान्यात तपासणी खात्यात होते. वीस वर्षं त्यांच्या सहीशिवाय त्यांच्या विभागातला माल बाहेर पडला नव्हता, आणि ही सही सहजासहजी मिळत नसे. ठोकून, घासून, कापून आणि शेवटी तोडून पाहिल्यावर जे उरेल, ते चांगलं, असा त्यांचा हिशेब होता. कारखान्यात हे ठीक होतं. शंभर रुळांतल्या एकाचा तुकडा कापून पाहिला, तर उरलेल्या नव्व्याण्णवांचं काही बिघडत नाही. घरात मात्र प्रत्येक वस्तू एकेकच असते, हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नाही.

बावीस वर्षांच्या संसारात प्रेमलाबाईंनी नवऱ्याकडे तीनदा काही मागितलं होतं. शिलाई मशीन मागितली, तर तिच्या चाकात बारीक भेग असल्याचा संशय आला. फ्रीज मागितला, तर त्याचं दार इतक्या वेळा उघडून मिटून पाहिलं, की शेवटी दुकानदारानंच हात जोडले. बांगड्यांच्या वेळी पिशवीतून कानस निघालेली पाहताच सराफानं दुकानाचा पडदा ओढून घेतला. त्यामुळे शिवण अजून हातानं होत होतं, पाणी माठातलं होतं आणि बांगड्या काचेच्या होत्या.

ही चौथी खेप. भिलाई-३ ला हळदीकुंकवाला गेल्या असताना त्यांनी कलावतीबाईंच्या अंगणात ती मोटार पाहिली, आणि ती विकायची आहे असं कळल्यावर त्यांना दोन रात्री नीट झोप लागली नाही. त्या गाडीत पुढच्या सीटवर बसून, डोक्यावर काहीही नसताना, तोंडावर वारा घेत सिव्हिक सेंटरच्या भर बाजारातून एकदा जायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. निघताना त्या नवऱ्याला म्हणाल्या, "यातही खोट निघाली ना, तर मी जल्मात तुमाले काही मागणार नाही."

त्या हे भांडल्यासारखं म्हणाल्या असत्या, तर मारोतरावांना काही वाटलं नसतं. पण त्या अगदी सावकाश बोलल्या. मारोतराव जरा घाबरले, आणि घाबरल्यावर माणूस जास्तच बारकाईनं तपासतो.

कलावतीबाईंचे यजमान जानराव ढोबळे रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले होते. झाडे नवराबायको स्कूटरवरून उतरले, तेव्हा जानराव गाडीवर फडकं मारत उभे होते. सायीच्या रंगाची मोटार, वर काळ्या ताडपत्रीचा टप, आणि पुढे दोन मोठे गोल दिवे. प्रेमलाबाई तिच्याकडे पाहतच राहिल्या.

"माह्या सासऱ्यानं चालवलेली आहे," जानराव म्हणाले. "नांदगावकडं एका जमीनदाराकडे ड्रायव्हर होते ते. जमीनदारानं खुश होऊन गाडीच देऊन टाकली."

"ड्रायव्हरवर खुश होऊन?"

"असं सासरे सांगत."

"सासरे कुठं आहेत?"

"वारले."

मारोतरावांनी वहीत लिहिलं: 'साक्षीदार हयात नाही.' मग पिशवीतून लोहचुंबक काढलं.

पत्र्यातले खड्डे पुट्टीनं भरून वर रंग मारलेला असला, तर चुंबक तिथं धरत नाही. मारोतरावांनी ते दारांवर, मडगार्डवर, बॉनेटवर सगळीकडे लावून पाहिलं. ते प्रत्येक ठिकाणी घट्ट चिकटलं.

"पुट्टी कुठंच नाही," ते नाराजीनं म्हणाले. "बेचाळीस वर्षांत कुठंच ठोकली नाही?"

"उतईच्या रस्त्यावर एकदा बकरी आडवी आलती. तिनंच मनावर घेतलं अन् बाजूले झाली."

"हेच तर मले पटून नाही राहिलं. इतकी चांगली गाडी अन् विकून कावून राहिले?"

जानराव फडकं झटकू लागले. "आता होत नाही माह्याच्यानं," ते म्हणाले, पण ते बायकोकडे न बघता म्हणाले. मारोतरावांनी तेही लिहून घेतलं.

त्यांचा खरा संशय मात्र वेगळाच होता, आणि आता तो त्यांनी बोलून दाखवला. "उघड्या टपाची असली गाडी आजकाल भेटत नाही, जानराव. लोक बंद टपाची गाडी घेतात, करवतीनं टप कापतात, वरून ताडपत्री टाकतात, अन् मंग जमीनदाराचं नाव सांगतात. कापलेल्या ठिकाणी जोड असतेच. रंग खरवडला का दिसते."

"खरवडला का, म्हंजे?"

जानरावांचं वाक्य पुरं होईपर्यंत कानस मागच्या काठावरून दोनदा फिरली होती. वीतभर रंग निघाला आणि खालचा पत्रा चकचकू लागला. मारोतरावांनी भिंग लावलं. जोड नव्हता.

"डावीकडे नाही," ते म्हणाले. "हुशार माणूस उजवीकडे करते." आणि उजवीकडचाही वीतभर रंग गेला. तिथंही जोड नव्हता. मग मधे राहिलेला रंग वाईट दिसायला लागला, म्हणून मारोतरावांनी तोही काढून टाकला. जोड तिथंही नव्हता.

ओसरीवर कलावतीबाईंनी चहा आणला होता. प्रेमलाबाईंच्या हातातल्या चहावर साय धरली, तरी त्या प्याल्या नव्हत्या.

"ताई, ते नेहमीच असे करतात काय?" कलावतीबाईंनी हळूच विचारलं.

"आज तर अजून हातोडी काढली नाही," प्रेमलाबाई म्हणाल्या.

आता मारोतराव टपाकडे वळले. ताडपत्री जुनी विलायती सुताची आहे, असं जानरावांचं म्हणणं होतं. मारोतरावांना ती कुरुदच्या बाजारातली नायलॉनची वाटत होती. हात लावून समजेना, वास घेऊन समजेना. कारखान्यात अशा वेळी नमुना काढतात. मारोतरावांनी चाकू उघडला आणि टपाच्या बरोबर मधून चार बोटांचा चौकोन कापून घेतला.

"अवो! अवो, काय करून राहिले?" जानराव ओरडले. "कापाचंच होतं तर काठाचं तरी कापा!"

"काठाचा नमुना चालत नाही. काठ सगळ्यायचाच चांगला असते. माल मधात बिघडते."

त्यांनी काडी ओढून तो तुकडा पेटवला. नायलॉन असतं तर वितळून त्याची गोळी झाली असती. याची मऊ राख झाली. शुद्ध सूत. जानरावांनी टपाच्या भोकातून वरचं आभाळ पाहिलं आणि ते पायरीवर बसले.

कुठलाही दुसरा माणूस एवढ्यावर समाधानी झाला असता. मारोतरावांना मात्र आतापर्यंत एकही खोट सापडली नव्हती, आणि वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. एवढं सगळं खरं असेल, तर कुणीतरी फार मोठी लबाडी फार सफाईनं केलेली असणार. त्यांनी बॉनेट उघडलं. आत इंजिनापाशी अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्टीवर गाडीचा नंबर कोरलेला होता. त्यांनी तो आरसी बुकाशी ताडून पाहिला. एकेक आकडा जुळला.

"जुळला?" जानरावांनी आशेनं विचारलं.

"जरा जास्तच जुळला," मारोतराव म्हणाले. "जुना नंबर घासून त्याच्यावर नवा ठोकला असन. अशावर तेजाब टाकलं का खालचा नंबर वर येते. वैनी, मोरी धुवाचं तेजाब आहे काय घरात?"

कलावतीबाईंनी बाटली आणून दिली. आजतागायत त्यांना त्याचा पश्चात्ताप आहे. मारोतरावांनी कापसाच्या बोळ्यानं पट्टीवर तेजाब लावलं आणि वाट पाहिली. खालचा नंबर वर आला नाही. आणखी लावलं, तरी आला नाही. मग बाटली तिरपी केली. धूर निघाला, सगळ्यांना खोकला आला, आणि धूर ओसरल्यावर दिसलं, की खाली दुसरा नंबर नव्हताच. आणि वरचाही आता नव्हता.

मारोतरावांनी त्या कोऱ्या पट्टीला भिंग लावून पाहिलं. मग रुमालानं हात पुसत गाडीच्या पुढे येऊन उभे राहिले.

"जानराव," ते म्हणाले. आवाजात आदर होता. "गाडी शंभर टक्के अस्सल आहे."

"होती म्हणा," जानराव म्हणाले.

"माह्या नोकरीत असा माल मी पाहिला नाही. मी घेतो."

प्रेमलाबाईंनी कप खाली ठेवला. बावीस वर्षांत 'मी घेतो' हे दोन शब्द त्यांनी नवऱ्याच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. त्यांच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं, आणि ते लपवायचंही त्यांना सुचलं नाही.

जानराव मात्र उठले नाहीत. "आधी मले लिहून द्या," ते म्हणाले. "नंबर गेला, टप गेला, रंग गेला. उद्या तुमचं मन फिरलं, तर ही गाडी मी दाखवू कोणाले? काय काय तपासलं अन् काय काय खरं निघालं, सारं लिहा अन् खाली सही करा."

मागणी रास्त होती. मारोतरावांनी ओसरीवर मांडी घातली आणि वहीतलं पान फाडून सर्टिफिकेट लिहिलं. पत्रा मूळचा, टप कारखान्यातूनच उघडा आलेला, कापड शुद्ध सुती, नंबर कोणी बदललेला नव्हता. खाली सही केली आणि हुद्दाही लिहिला.

जानरावांनी ते एकदा वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग कागद घेऊन ते बायकोपाशी गेले.

"कलावती, तुह्या बाबाची गाडी खरंच जमीनदाराची होती वो."

"पंधरा वर्षं काय सांगून राहिली मी?" कलावतीबाई उसळल्या. "तुमीच म्हणत होते ना, का बाबानं भंगारातून जमवली अन् आपल्याले फसवलं म्हणून!"

"मले डाऊट होता," जानराव ओशाळून म्हणाले. "कोणाले समजाच्या आत विकून टाकावी, असा माहा विचार होता." ते मारोतरावांकडे वळले आणि त्यांनी हात जोडले. "मारोतराव, तुमचे लय उपकार झाले. गाडी विकाची नाही."

"विकाची नाही? कावून?"

"अस्सल आहे ना! तुमीच तर लिहून दिलं."

संशयी माणसानं इतक्या संशयानं तपासलं होतं, की विकणाऱ्याच्याच मनातला संशय फिटला होता. मारोतरावांनी भीतभीत बायकोकडे पाहिलं. प्रेमलाबाई रडत नव्हत्या आणि रागावलेल्याही नव्हत्या. माठातलं पाणी पिताना आणि हातानं शिवताना असायचा, तोच चेहरा पुन्हा आला होता. आता आपली बायको आपल्याकडे कधीच काही मागणार नाही, हे मारोतरावांना कळलं.

प्रेमलाबाई उठल्या. "दाखवा बरं तो कागद, भाऊजी," त्या म्हणाल्या. त्यांनी तो नीट वाचला आणि मान हलवली. "याच्यावर मुदत नाही लिहिली."

"मुदत?" जानराव दचकले.

"हो ना. यायच्या सर्टिफिकेटाले मुदत असते एक महिन्याची. दर महिन्याले फेरतपासणी कराव लागते, नाही तर कागद रद्द."

"पुन्हा तेजाब?"

"नाही बाप्पा. फेरतपासणीत फक्त चालवून पाहतात. घरच्या कोणी बसून पाहिलं तरी चालते. पुढच्या सीटवर. सिव्हिक सेंटरपर्यंत नेऊन आणलं का झालं."

जानराव मारोतरावांकडे वळले. "खरं आहे काय हे?"

खरं नव्हतं. तपासणीच्या सर्टिफिकेटाला मुदत नसते. एकदा पास झालेला माल कायमचा पास असतो. मारोतरावांनी वीस वर्षांत स्वतः तपासून न पाहिलेल्या एकाही ओळीखाली सही केली नव्हती, मग साहेब समोर उभे असोत की मंत्री यायचे असोत. त्यांनी प्रेमलाबाईंकडे पाहिलं. त्या त्यांच्याकडे पाहत नव्हत्या, गाडीच्या पुढच्या सीटकडे पाहत होत्या.

"खरं आहे," मारोतराव म्हणाले. "माह्याच्यानं लिहाचं राहून गेलतं."

त्यांनी पेन उघडलं आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'मुदत एक महिना. फेरतपासणी सौ. झाडे करतील.' खाली पुन्हा सही केली. त्या दिवशी त्या अंगणात तेवढी एकच ओळ नकली होती.

"मंग पहिली आजच करून टाकू," कलावतीबाई म्हणाल्या, आणि त्या लगेच मागच्या सीटवर जाऊन बसल्या. जानरावांनी टप दुमडून मागे टाकला. तीन तास झाले होते, पण गाडी सुरू होते की नाही, हे आतापर्यंत कोणीच पाहिलं नव्हतं. पहिल्याच झटक्यात ती सुरू झाली.

प्रेमलाबाई पुढे बसल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर खाली घेऊन कमरेला खोचला. मारोतरावांनी मागच्या दाराला हात घातला.

"तुमी नका बसू," त्या म्हणाल्या. "तुमचं तपासून झालं. फाटक उघडा."

मारोतरावांनी फाटक उघडलं. वरची बिजागरी जोरात करकरली, पण त्यांनी तिच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.