एकट्याची गाडी

आमचे घरमालक बबनतात्या कोथिंबिरीची जुडी आणायला निघाले की अख्ख्या भुकूमला जाग येते. ती गाडी आल्यापासून मी, त्यांचा लातूरकडचा भाडेकरू, गजर लावणं सोडून दिलंय.

गाडी म्हणजे सातशे सीसीची शर्यतीची क्वाड बाइक. मोटरसायकलचं हँडल आणि खाली चार गुबगुबीत चाकं. रस्त्यावर आणायला बंदी, म्हणून तात्या माळावरून, ओढ्यातून वळसा घालून दुकानाच्या मागच्या दाराशी उगवतात. चालत गेलं तर लवकर पोचता येतं, हे त्यांना सांगायची सोय नाही.

"तुमच्या मोटरसायकली म्हंजी शेळ्या," ते मला ऐकवतात. "हिला नुसता अंगठा लावा. टेकाड सपाट हुतंय."

अंगठ्याला कारण आहे. पिरंगुटच्या एका कारखान्यात प्रेसखाली तात्यांच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा तेवढा उरला. त्याआधी पौड रस्त्यावर तात्यांना कुणी मागं टाकलं नव्हतं म्हणे. पण मूठ पिळल्याशिवाय मोटरसायकल पळत नाही. मग सुमनकाकू स्कूटर शिकल्या आणि तात्या बायकोच्या मागं बसू लागले. मांडीवर पिशवी, तोंडानं अखंड "हळू, हळू", आणि उजवा पाय हवेतच ब्रेक दाबतोय. पारावरची माणसं हसायची. तात्यांना ते फार लागायचं.

अशात कासार आंबोलीच्या एका बंगलेवाल्यानं आपली क्वाड विकायला काढली. क्लच डाव्या हाताला, ब्रेक पायाला आणि पळवायचं अंगठ्यानं. तात्या बघायला म्हणून गेले आणि चालवतच घरी आले. अंगणात गिरकी मारून ऐटीत म्हणाले, "चल, बस मागं."

काकूंनी गाडीभोवती एक फेरी मारली. "कुटं बसू? डोस्क्यावर?"

सीट एकट्याचीच होती. शर्यतीच्या गाडीला दुसरी नसते. तात्यांचा चेहरा खर्रकन उतरला. "शर्यतीची हाय, बायामाणसांचं काम न्हाई," म्हणाले खरे, पण त्या दिवशी जेवले नाहीत.

परवा रविवारी अंगणात गडबड ऐकू आली. गॅलरीतून वाकून बघतो तर तात्यांनी वेल्डरकडून गाडीमागं लोखंडी सांगाडा जोडून घेतलेला, त्यावर काकूंच्याच जुन्या स्कूटरची सीट आणि धरायला दांडी. काकू पदर खोचून बसल्या. चिडवायला चांगला विषय मिळाला म्हणून मी खूश झालो होतो, पण तात्यांचं तोंड बघितलं आणि खाली जाऊन फाटक उघडलं. गाडी बैलगाडीच्या चालीनं फाटकाबाहेर पडली. शेजाऱ्यांच्या शेळ्या बाजूनं निघून गेल्या.

"आवो, दाबा की अंगठा," काकू म्हणाल्या. "शेळ्या म्होरं गेल्या."

"जाऊ दे," तात्या म्हणाले. "इतकी वर्सं तुज्या मागं बसलो. आज तू माज्या मागं हाईस. मला कुटं पोचायचंच न्हाई."