सदरहू हेर मी नव्हे

आमच्या जळगाव जामोदच्या कचेरीसमोर निंबाखाली बसणारे नथ्थूजी अर्जनवीस हे मी पाहिलेले एकमेव लेखक, जे गोष्ट छापायच्या आधी खलनायकाची सही घेत.

थट्टा नाही करत. मी स्वतः साक्षीदार होतो. कचेरीत मी कागदपत्रांच्या नकला करायचो आणि रिकाम्या वेळात नथ्थूजींच्या सतरंजीवर जाऊन बसायचो, म्हणून साक्षीला दर वेळी मीच सापडायचो.

नथ्थूजी दिवसभर लोकांचे अर्ज लिहीत आणि उरल्या वेळात खामगावच्या एका साप्ताहिकासाठी हेरकथा. लढाईचे दिवस होते. त्यांचा गुप्त पोलीस अंबादास दर आठवड्याला शत्रूचा एक हेर पकडायचा, तोही आमच्याच गावात. जर्मनांचं जळगावात काय अडलंय, असं मी एकदा विचारलं. "सातपुडा हाय नं बे मागं," म्हणाले, आणि विषय संपला.

पण इतके हेर आणायचे कुठून? मनानं माणूस रचणं नथ्थूजींना जमत नसे. मग गावातलीच बडी मंडळी घ्यायची. कापसाच्या जिनिंगचे शेठ, म्युनिसिपालटीचे अध्यक्ष, दवाखान्यातले डॉक्टर. बरं, अब्रूनुकसानीच्या फिर्यादी नथ्थूजींनी स्वतःच ढिगानं लिहिलेल्या, त्यामुळे धास्ती दांडगी. शेठजींच्या टकलावर ते केस लावत, डॉक्टरांचा चष्मा काढून घेत. तेवढ्यानंही जीव थाऱ्यावर येत नसे. मग मजकूर घेऊन थेट त्या माणसाच्या घरी जायचं, वाचून दाखवायचा आणि कागद पुढं करायचा: 'सदरहू हेर मी नव्हे. माझी काही एक तक्रार नाही.' खाली सही. त्याखाली माझी साक्ष.

आता सांगा, लोक काय दुधखुळे आहेत? कोणाची सही घेतली एवढं कळलं की पुढचा हेर कोण, ते अंक निघायच्या आत अख्ख्या बाजाराला ठाऊक. मी हे त्यांना समजावायला गेलो, तर म्हणाले, तू नकला कर, मला कायदा नको शिकवू. शेठजी तर भलतेच खूश असत. दोन महिने हेर झाले नाहीत, की चौकशीला माणूस धाडत.

रावसाहेबांची सही मात्र राहिली. रावसाहेब म्हणजे आमचे ऑनररी मॅजिस्ट्रेट. बायको गेल्यापासून त्यांना हसताना कोणी पाहिलं नव्हतं. त्यांच्यापुढं असला कागद ठेवायची नथ्थूजींची छाती होईना. त्यांनी हेराच्या मिशा उतरवल्या, घोड्याच्या जागी टांगा दिला आणि दिलं खामगावला पाठवून.

अंक आला, आणि चौथ्या दिवशी रावसाहेबांचा चपराशी दारात. साहेब फिर्याद लावणार होते. फिर्याद लागली तर नथ्थूजींची सनद जाणार, आणि अर्ज लिहिण्यावाचून त्या माणसाला दुसरं काही येत नव्हतं. आधी खुलाशाला घरी बोलावलं होतं. नथ्थूजींनी मलाही ओढत नेलं. वाटेत मी त्यांना पढवलं, हेर मुंबईच्या एका माणसावरून घेतला म्हणा आणि मोकळे व्हा. त्यांनी मान डोलावली.

रावसाहेबांनी अंक पुढं टाकला. परक्या सरकारला नकाशे विकणं, डोंगरात दारूगोळा लपवणं, याबद्दल चकार शब्द नाही. बोट ठेवलं ते मधल्याच चार ओळींवर. त्यात तो हेर संध्याकाळी एकटा चहाला बसतो, दोन कप भरतो, एक समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढं ठेवतो आणि दिवसभराचं सगळं तिला सांगत बसतो.

"हे तुमाले कोणं सांगतलं?" रावसाहेबांनी विचारलं. "माह्या घरात कोण डोकावून राह्यलं?"

मी नथ्थूजींना कोपर मारलं. मुंबईचा माणूस, अहो, मुंबईचा!

नथ्थूजी टोपी हातात घेऊन फिरवत राहिले. मग खाली पाहूनच म्हणाले, "कोणंच नाही सांगतलं, साहेब. ते माह्याच घरचं हाय. कुठंतरी लिवावं वाटलं, तं हेराच्या नावावर टाकलं."

सहा वर्षं मी या माणसाच्या सतरंजीवर बसत होतो. त्यांच्या बायकोच्या तेराव्याला जेवूनही आलो होतो. पण त्यानंतर घरी ते दिवस कसे काढतात, हे विचारायचं मला एकदाही सुचलं नाही. मला माझीच फार लाज वाटली.

रावसाहेबांनी चपराशाला बाहेर जायला सांगितलं. मला सांगायचं बहुधा विसरले. बराच वेळ ते त्या चार ओळी पुन्हा पुन्हा वाचत होते.

"मंग तो दुसरा कप," त्यांनी हळूच विचारलं, "थंडा झाल्यावर काय करता?"

"पिऊन घेतो, साहेब. फेकवत नाही."

रावसाहेब खिडकीकडं पाहू लागले.

"मलेही नाही फेकवत," ते म्हणाले.