नऊ चौकटींचा दाखला

मेढ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या डोंगरवाकडी ग्रामपंचायतीने स्थापनेपासून आजवर एकाही माणसाला चांगल्या वर्तणुकीचा दाखला नाकारलेला नव्हता. ग्रामसेवक अनंत भाऊसाहेबांची पद्धत सोपी होती. अर्जदार समोर आला की मान वर करायची, पोरगं कुणाचं ते ओळखायचं आणि शिक्का मारायचा. त्यात चुकण्यासारखं काय आहे, सांगा बघू! पण असा दाखला घेतलेला एक इसम शिरवळजवळ एका कारखान्यातून तांब्याची तार पळवताना सापडला, आणि झडतीत तारेबरोबर दाखलाही निघाला, चांगला लॅमिनेशन केलेला. आठवड्याच्या आत वरून पत्र आलं: 'संबंधिताची वर्तणूक चांगली असल्याची खात्री कोणत्या पद्धतीने केली, याचा खुलासा सात दिवसांत सादर करावा.'

भाऊसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. अठरा वर्षांच्या नोकरीत पद्धत कुणी विचारली नव्हती.

रविवारी ते साताऱ्यात आपल्या घरी, खुलासा डोक्यात घेऊन चहा पीत बसले होते. शेजारच्या टेबलाशी त्यांचा इंजिनिअरिंगला असलेला मुलगा निमिष मित्रांबरोबर कागद, पेन्सिली आणि वीस बाजूंचा फासा घेऊन राक्षस मारायचा खेळ खेळत होता. एका मित्राच्या खेळातल्या पुजाऱ्याने धर्मशाळेतल्या गर्दीवर मंत्र टाकला, आणि निमिषने गंभीरपणे जाहीर केलं की इथे दुष्ट आहे.

"कशावरून?" भाऊसाहेबांनी कप खाली ठेवला.

"दुष्ट ओळखायचा मंत्र आहे, बाबा. साठ फुटांपर्यंत चालतो. पहिल्या फेरीत दुष्ट आहे की नाही तेवढं कळतं, दुसऱ्या फेरीत किती आहेत ते, तिसरीत नेमका कोण. मध्ये शिशाचा पत्रा आला तर मात्र काही दिसत नाही."

"पण मंत्राला कळतं कसं?"

"प्रत्येकानं आपापल्या कागदावर आधीच लिहिलेलं असतं ना. सज्जन, तटस्थ की दुर्जन. त्यात पुन्हा नियमानं वागणारा, मधला की मनमानी करणारा. नऊ चौकटी होतात. खेळ मी चालवतो, म्हणजे मी कागद बघतो आणि सांगतो."

भाऊसाहेबांना भरून आलं. ज्याचं त्याने लिहायचं आणि कार्यालयाने ते शोधून काढायचं! इतकी निर्दोष कार्यपद्धती त्यांनी शासन निर्णयातसुद्धा वाचली नव्हती.

सोमवारी 'वृत्तिशोध अर्ज' तयार झाला. अर्जदाराने नऊपैकी एका चौकटीत खूण करून अर्ज पाकिटात बंद करायचा आणि साठ फुटांच्या आत उभं राहायचं. ग्रामसेवकाने डोळे मिटून तीन फेऱ्यांपुरतं थांबायचं, मग पाकीट फोडून 'आढळून आलेली वृत्ती' नोंदवायची. सज्जन आढळला तरच दाखला, आणि खाडाखोड केलेला अर्ज बाद. खुलासा मान्य तर झालाच, वर 'अनुकरणीय' असा शेरा मिळाला. भाऊसाहेबांनी तो फ्रेम करून खुर्चीच्या समोर टांगला.

गाव रांगेला लागलं. ओढ्याच्या आडोशाला हातभट्टी लावणारा धुळा 'नियमानं वागणारा सज्जन' आढळला. भावाचा बांध दरसाल वीतभर कोरणारा गुंडा, तोही तसलाच निघाला. सरपंच राजवर्धन यांनी आपल्या खुर्चीमागे शिशाचा पत्रा ठोकून घेतला, "भितीला वल येतीया" असं कारण देऊन. तरी सज्जनच निघाले बिचारे! शेवटी भाऊसाहेबांनी स्वतःचा अर्ज भरला, डोळे मिटले आणि स्वतःला सज्जन शोधून काढलं. त्यांना मनापासून बरं वाटलं.

पुढच्या महिन्यातल्या एका बुधवारी प्रियदर्शनी आली. निवृत्त हवालदाराची ही मुलगी सैन्यभरतीत निवडली गेली होती. शनिवारी सकाळी कागदपत्रं जमा करायची होती. दाखला नसेल तर निवड रद्द, आणि पुढच्या भरतीत तिचं वय बसणार नव्हतं. भाऊसाहेबांनी डोळे मिटले, उघडले, पाकीट फोडलं. खूण बरोबर मधोमध होती, तटस्थाच्या चौकटीत.

"पोरी, हे काय करून बसलीस?"

"खरं लिवायचं व्हतं न्हवं? भरतीच्या धावण्यात माज्या म्होरल्या पोरीचा पाय मुरगळला. रडत व्हती ती. मी थांबले न्हाई. उलट एक कमी झाली म्हणून लय बरं वाटलं. मग सज्जनावर खूण कशी करू?"

"अगं, सगळं गाव सज्जन निघालंय!"

"निघू दे की. मी कुटं न्हाई म्हनतीया?"

दुसरा अर्ज घेता येईना. आढळलेली वृत्ती सत्कृत्य सिद्ध झाल्याशिवाय बदलत नाही, असं भाऊसाहेबांनीच निमिषला विचारून नियमात घातलं होतं. मग तिची आजी मनुबाई काठी टेकत कार्यालयात आली.

"आवं भाऊसाहेब, पोरगी खरं बोलली, ह्ये चांगलं काम न्हाई व्हय?"

भाऊसाहेब विचारात पडले. खरं बोलली म्हणून सज्जन धरावी, तर तिने 'तटस्थ' लिहिलं ते खोटं ठरतं. खोटी माहिती दिली, म्हणजे सज्जन राहत नाही. सज्जन नाही, म्हणजे लिहिलं ते खरंच आहे. आणि खरं लिहिलं, म्हणजे पुन्हा सज्जन. आता बोला!

"मला त्यातलं काय बी कळत न्हाई," मनुबाई म्हणाली. "तुमी तिला एवढीशी व्हती तवापास्नं बघताय. मारा शिक्का."

भाऊसाहेबांचा हात शिक्क्याकडे गेलाही. पोरगी कशी आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण समोरच्या फ्रेमकडे लक्ष गेलं आणि हात आपोआप मागे आला.

हा गुंता सोडवायला शुक्रवारी दुपारी खास ग्रामसभा भरली. भाऊसाहेबांनी सगळे अर्ज पुढ्यात मांडले आणि डोळे मिटले.

"पहिली फेरी. सज्जन नसलेलं सभेत कुणीतरी आहे."

गुंडा चप्पल शोधायला लागला.

"दुसरी फेरी. एकच आहे."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

"तिसरी फेरी. प्रियदर्शनी."

टाळ्या पडल्या. "मला वाटलंच हुतं गड्या," धुळा म्हणाला. गावात काहीतरी वाईट आहे हे लोकांना कित्येक वर्षं जाणवत होतं, फक्त ते कोण हे कळत नव्हतं. सरपंचांनी आभार मानले.

प्रियदर्शनी पाच वाजेपर्यंत कार्यालयाच्या पायरीवर बसून राहिली. आत भाऊसाहेबांनी 'याबाबत मार्गदर्शन मिळावे' असं पत्र वर पाठवलं. कुलूप लावताना त्यांना फार वाईट वाटलं. मग त्यांनी खिशातला स्वतःचा दाखला चाचपला. तोही त्यांनी लॅमिनेशन करून घेतला होता.

हे अर्ज आता आजूबाजूच्या गावांतही मिळू लागलेत, तुमच्याकडेही येतील. भरायला वेळ लागत नाही. एवढं वाचेपर्यंत तुमची खूण मनातल्या मनात होऊनसुद्धा गेली असेल. कुठल्या चौकटीत, ते आमचे भाऊसाहेब डोळे मिटून सांगतात.