वेणूबाई सायाळ आणि तिचं गार बीळ

एका जंगलात एकदा ऊन पडलं. आता ऊन दरवर्षीच पडतं, त्यात काय सांगायचं, असं तुम्ही म्हणाल. पण त्या वर्षी असं पडलं की सरड्यांनीसुद्धा दगडावर बसायचं सोडलं. मोराने पिसारा गुंडाळून ठेवला तो ठेवलाच. तळ्यातल्या म्हशी बाहेर आल्या, कारण पाणी अंगाला चटके देत होतं.

मुलांनो, नीट बसा आणि मध्ये बोलू नका. तुमच्या आत्याला ताप आहे, घसा बसलाय, तेव्हा गोष्ट एकदाच सांगणार. पलंगाच्या काठावर जे कुणी बसलंय त्याने खाली उतरा. हं.

तर त्या जंगलात वेणूबाई नावाची एक सायाळ राहायची. सायाळ म्हणजे अंगभर लांब काटे असलेला प्राणी. दिसायला भयंकर, स्वभावाने गरीब. वेणूबाई एकटी राहायची आणि कुणाच्या अध्यातमध्यात नसायची.

तिचं बीळ मात्र बघण्यासारखं होतं. टेकडीच्या पोटात तीन वळणं घेऊन खोल गेलेलं. चार हिवाळे खपून तिने ते स्वतःच्या नखांनी खोदलं होतं. तेव्हा जंगल तिला हसलं होतं. "एवढं खोल कशाला? स्वतःला पुरून घ्यायचंय का?" असं विचारलं होतं. वेणूबाई खोदत राहिली. शेवटच्या खोलीत ती भर वैशाखातही पांघरूण घेऊन झोपायची. कोपऱ्यात मातीचा एक माठ होता. तो ती रोज पहाटे झऱ्यावरून भरून आणायची.

एके दिवशी कंदमुळं शोधता शोधता तिला उशीर झाला आणि ऊन लागलं. घरी पोहोचेपर्यंत अंग भाजत होतं. काटे सगळे मलूल होऊन अंगावर पडले होते. उजाडायच्या आत वैद्य आले. वैद्य म्हणजे घुबड.

"तीन दिवस या शेवटच्या खोलीतून हलायचं नाही," वैद्य म्हणाले. "उन्हाचा कवडसासुद्धा अंगावर घ्यायचा नाही. बोलायचं नाही. घोट घोट पाणी पीत राहायचं. या तापात पाणी संपलं की आपण संपलो, हे लक्षात ठेवा."

माठ काठोकाठ भरलेला होता. एकटीला तीन दिवस पुरला असता. वेणूबाईने माठाकडे बघितलं, तिला धीर आला आणि तिने डोळे मिटले.

तेवढ्यात दारातून हाक आली.

"झोपलात का हो वेणूबाई? उठू नका, उठू नका. उभ्या उभ्या आलेय. पाचच मिनिटं."

ससेवहिनी आल्या होत्या. बरोबर पाच पोरं होती. तुम्हाला सांगते, मुलांनो, वेणूबाई त्या जंगलात सात वर्षं राहत होती आणि सात वर्षांत ससेवहिनींनी तिला कधी हाक मारली नव्हती. पण आजारपणाचं असं असतं. आजारी माणसाला भेटायला गेलं नाही तर लोक नावं ठेवतात. त्या भेटीमुळे तो मेला तर कुणी नावं ठेवत नाही.

"अगबाई," ससेवहिनी आत येऊन म्हणाल्या, "किती गार आहे तुमच्याकडे. एवढ्या गारव्यात तुम्हाला ताप आलाच कसा?"

पोरांनी गार भिंती शोधल्या आणि पोटं टेकवून पडली.

"पोरांना जरा पाणी देता? नाही, तुम्ही पडून राहा. आम्ही घेतो आमचं."

पाच पोरं पाच पाच वाट्या पाणी प्यायली. एक एक वाटी एकमेकांच्या अंगावर ओतली. ससेवहिनींनी वेणूबाईच्या कपाळाला हात लावून "बराच आहे हो" असं सांगितलं. मग काखेत कांदा धरायचा उपाय सांगितला. मग स्वतःच्या नणंदेला ऊन लागून ती कशी तिसऱ्या दिवशी गेली ते पहिल्यापासून सांगितलं. पाच मिनिटं संध्याकाळी संपली, बाहेर वारा सुटला तेव्हा.

दुसऱ्या दिवशी वानरतात्या आले. ते रिकाम्या हाताने कुठे जात नाहीत. तीन मोसंबी घेऊन आले.

"तुम्ही पडा, मी सोलून देतो," तात्या म्हणाले.

तात्यांनी एक मोसंबं सोललं आणि स्वतःला कोणे एके साली कसं ऊन लागलं होतं ते सांगायला घेतलं. तुमचा हा ताप म्हणजे काहीच नाही, माझा बघायला हवा होता, असं ते मधून मधून म्हणत होते. बोलता बोलता फोडी तोंडात टाकत होते. दुसरं मोसंबं संपलं तेव्हा त्यांचा ताप कुठे उतरणीला लागला. तिसरं संपलं तेव्हा ते बरे झाले.

"सालं टाकू नका हं," तात्या म्हणाले. "कपाळाला चोळा. आणि कांदा अजिबात नको."

आणि वर चार वाट्या पाणी. गोड खाल्लं की तहान लागते म्हणाले.

तेवढं पाणी बघ गं माझ्या उशाच्या तांब्यात आहे का. नाही? सकाळी भरलेला होता. बरं, असू दे.

तर गार बिळाची बातमी जंगलभर झाली. त्याबरोबर वेणूबाईबद्दलची माया उफाळून आली. दुपारपर्यंत दोन डझन प्राणी कळवळून आत शिरले. रानडुक्कर सहकुटुंब आलं. कुणी म्हणालं गरम पाणी प्या, कुणी म्हणालं पाणीच पिऊ नका. हे दुसरं सांगणारा स्वतः माठाजवळ बसला होता.

एवढी गर्दी झाली म्हणजे कुणीतरी ती सांभाळायला लागतं. मग कोल्हेसाहेब पुढे झाले. सिंहाच्या दरबारात त्यांनी आयुष्यभर चिटणीसपण केलं होतं आणि निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी विचारत नव्हतं.

"रुग्णाला क्षणभरही एकटं वाटता कामा नये," कोल्हेसाहेब म्हणाले. "आपण बाऱ्या लावू."

बाऱ्या लागल्या. अकरा ते पाच या वेळेसाठी झुंबड उडाली. पहाटेची आणि संध्याकाळची बारी कुणी घेतली नाही.

वेणूबाईला बोलायला मनाई होती, तरी ती बोलली. तिला माठाचा तळ दिसायला लागला होता.

"संध्याकाळी कुणी एवढा माठ भरून आणाल का?" ती म्हणाली. "मला उठवत नाही. झरा फार लांब नाही."

सगळ्यांनी माठाकडे अत्यंत सहानुभूतीने बघितलं.

"मी आणलं असतं हो," ससेवहिनी म्हणाल्या, "पण संध्याकाळी पोरांना फिरवून आणावं लागतं. दिवसभर कोंडून असतात बिचारी."

"दुसऱ्याने आणलेलं पाणी तापात बाधतं," वानरतात्या म्हणाले.

"मुद्दा महत्त्वाचा आहे. नोंद करून घेतो," कोल्हेसाहेब म्हणाले, आणि खरोखरच त्यांनी भिंतीवर नखाने एक रेघ ओढली.

तिसऱ्या दिवशी बिळात पाय ठेवायला जागा उरली नाही. दाराशी अजून दहाजण ताटकळत होते. कोल्हेसाहेबांनी विचार केला. एवढ्या दाटीत एक प्राणी असा होता की जो आडवा पसरला होता, सगळ्यांत जास्त जागा अडवत होता आणि वर त्याचे काटे लोकांना टोचत होते.

"रुग्णाला मोकळी हवा हवी," कोल्हेसाहेब म्हणाले. "यांना दाराशी हलवा."

"साहेब," वेणूबाई म्हणाली, "वैद्यांनी उन्हात जायचं नाही म्हणून सांगितलंय."

"वैद्यांना दिवसा दिसतं तरी का? चला, धरा रे."

चौघांनी काटे चुकवत तिला उचललं आणि बिळाच्या तोंडाशी नेऊन ठेवलं. शेवटच्या खोलीत तिच्या गवताच्या बिछान्यावर रानडुकराची सासू बसली. तिला गुडघ्यांचा त्रास होता.

दारात उन्हाचा पट्टा होता. आधी तो वेणूबाईच्या पायावर आला, मग पोटावर, मग तोंडावर. तिने पाणी मागितलं. आतून वाटी निघाली. पहिल्या वळणावर ती कुणीतरी थोडी चाखली, दुसऱ्या वळणावर कुणाला तरी ठसका लागला, तिसऱ्या वळणावरून वाटी आली ती कोरडी. वेणूबाईने वाटीचा तळ चाटला. तिथे नुसती माती लागली.

तेव्हा तिला रडू आलं. आपण मरणार याचं नाही. आपण आपल्याच दारात, एवढ्या सगळ्या प्रेमळ लोकांसमोर तहानेने मरणार, आणि नंतर हेच लोक आम्ही शेवटपर्यंत तिच्यापाशी होतो म्हणून सांगणार, याचं आलं.

ती सरपटत आत गेली. माठ आडवा पडलेला होता. त्याच्या ओल्या पोटाला गाल लावून रानडुकराचा थोरला मुलगा घोरत होता.

वेणूबाई वळली आणि बाहेर पडली. भर दुपारची, त्या उन्हात, झऱ्याच्या दिशेने. एका झाडाखाली पडायची, उठायची, पुढच्या झाडापर्यंत जायची. तिला जाताना कुणी बघितलं नाही. सगळे तिच्या काळजीत होते.

झऱ्याशी एका जांभळाच्या मुळांत ओल्या चिखलाची जागा होती. तिथे एक म्हातारं कासव राहायचं. कासवाने तिला बघितलं. "काय झालं" असं विचारलं नाही. "किती ताप आहे" असंही विचारलं नाही. ते थोडं बाजूला सरकलं आणि म्हणालं, "पड इथे. बोलू नकोस."

वेणूबाई पडली. तोंड पाण्यात होतं, पाठ सावलीत होती. दोन दिवस ती नुसती पाणी प्यायली आणि झोपली. दोन दिवसांत कासवाने तिला एकही उपाय सांगितला नाही. असे लोक असतात हं, मुलांनो. पण त्यांच्याकडे कुणी जात नाही, आणि तेही कुणाकडे जात नाहीत. तिसऱ्या सकाळी तिचे काटे पुन्हा ताठ उभे राहिले.

"जाते घरी," वेणूबाई म्हणाली.

कासवाने तिच्याकडे बघितलं. "बघ जमलं तर," ते म्हणालं.

बिळाच्या दारात रांग होती. रांगेच्या तोंडाशी कोल्हेसाहेब.

"फळं आणलीत का?" त्यांनी विचारलं. "नसतील तर मागे उभ्या राहा. आत रुग्ण गंभीर आहे."

"साहेब, मी वेणूबाई."

"वेणूबाईंना भेटायलाच सगळे आलेत."

"अहो, मीच वेणूबाई. हे बिऱ्हाड माझं आहे. मी बरी झाले."

रांगेतल्या एकेकाचं तोंड उतरलं. वानरतात्यांनी हातातलं मोसंबं मागे लपवलं. वेणूबाई बरी झाली तर हे सगळं कशासाठी, आणि मुख्य म्हणजे दुपारी जायचं कुठे, असा प्रश्न सगळ्यांना पडला.

पण कोल्हेसाहेब उगीच इतकी वर्षं चिटणीस नव्हते.

"हे बघा बाई," ते सावकाश म्हणाले, "वेणूबाई आजारी आहेत. हे सगळ्या जंगलाला माहीत आहे. तुम्ही ठणठणीत आहात, हे मला समोर दिसतंय. तेव्हा तुम्ही वेणूबाई असूच शकत नाही."

"बरोबर आहे," रांग म्हणाली.

आतून ससेवहिनींचा आवाज आला. "कोण आहे हो? त्या बाईला बाजूला करा, झळ येते आत."

वेणूबाईचे काटे खुळखुळले. एकदा अंग झाडलं असतं तर सगळे पळाले असते. ती एक पाऊल आत गेलीही. आणि तिच्या तोंडावर गरम वाफ आली. त्या बिळात आता चाळीस प्राणी होते, पाण्याचा थेंब नव्हता आणि भिंती तव्यासारख्या तापल्या होत्या. सगळे घामाघूम होऊन बसले होते आणि "काय गार आहे नाही" म्हणत होते. कारण जो उठला असता त्याची जागा गेली असती.

वेणूबाई मागे फिरली. त्या घरात आता परत मिळवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तिने झऱ्याजवळ, जांभळाच्या पलीकडे नवं बीळ खोदायला घेतलं. आठवडाभराने एका संध्याकाळी, वारा सुटल्यावर, ससेवहिनी पोरांना फिरवत तिकडे आल्या. त्यांना स्वतःला दोन दिवस कणकण होती.

"काय बाई तुम्ही," ससेवहिनी म्हणाल्या. "राग येऊ देऊ नका, पण बोलते. सगळं जंगल त्या वेणूबाईंसाठी झिजतंय. तुम्ही एवढ्या धडधाकट, आणि एकदाही त्यांना बघायला फिरकला नाहीत? माणुसकी काही असते की नाही?"

वेणूबाई खोदत राहिली.

ससेवहिनी जरा वाकल्या. नव्या बिळात डोकावल्या. मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"नवीन दिसतंय. खोल आहे का हो? गार असेल नाही? आणि काय हो, चेहरा किती उतरलाय तुमचा. बरं नाही का?"

"उत्तम आहे," वेणूबाई म्हणाली. "आणि कायम उत्तमच असणार आहे."

त्यानंतर ती कधीही आजारी पडली नाही. म्हणजे पडायची, पण कुणाला सांगायची नाही.

तात्पर्य: आजारी माणसाला भेटायला जरूर जावं. उन्हाळ्यात तर आवर्जून जावं, आणि भर दुपारी जावं. पोरांना बरोबर न्यावं, मोसंबी न्यावीत आणि माठ कुठे आहे ते शिरता शिरताच बघून ठेवावं. आजारी माणूस स्वतः घरी असलाच पाहिजे असं काही नाही. मात्र तो बरा झाला, तर चूक त्याची.

संपली गोष्ट. आता उठा सगळे. बाहेरच्या खोलीत माझ्या कूलरसमोर तुमचे आईबाबा सकाळपासून पाच मिनिटांसाठी बसलेत. त्यांना सांगा, आत्या ठणठणीत आहे. आणि जाताना एकाने तेवढा तांब्या भरून इथे आणून ठेवा.